व्यस्तविधी, पलभा आणि सीमा : वत्सगुल्म परिसराच्या संदर्भात भास्करीय गणितपरंपरेचा एक अभ्यास

प्रस्तावना

इ. स. १८५८ मध्ये काशीच्या संस्कृत पाठशाळेतील गणिताचे अध्यापक बापूदेव शास्त्री यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. भास्कराचार्यांना अवकलनाचे तत्त्व अवगत होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. बापूदेव हे मूळचे महाराष्ट्रीय. त्यांचा जन्म १८२१ मध्ये पुण्यास झाला आणि आरंभीचे शिक्षण नागपुरात मराठी शाळेत झाले. त्यांच्या टिपणाला १८६० मध्ये इंग्लंडमधील गणिती विल्यम स्पॉटिसवुड यांनी उत्तर दिले. भास्कराचार्यांच्या पद्धतीचे अवकलनाशी असलेले साम्य त्यांनी मान्य केले, पण बापूदेवांचा दावा मात्र अतिव्याप्त ठरविला. हा वाद तेव्हापासून आजतागायत थोड्याफार फरकाने त्याच शब्दांत चालू आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय ज्ञानप्रणाली हा विषय पदवी अभ्यासक्रमात आला. त्यामुळे हा वाद आता केवळ संशोधकांपुरता राहिलेला नाही. पदवीच्या पहिल्या वर्षी फलन, व्यस्त फलन व क्रमिकेची सीमा शिकविणाऱ्या अध्यापकाला वर्गात भास्कराचार्यांविषयी काहीतरी सांगावे लागते. ‘सर्व काही आपल्याकडे होते’ असे म्हणणे सोपे, आणि ‘काहीच नव्हते’ असे म्हणणे त्याहून सोपे. दोन्ही विधानांत मूळ ग्रंथ उघडण्याचे कष्ट वाचतात. प्रस्तुत लेखात वाशीम जिल्ह्याच्या, विशेषतः रिसोड तालुक्यातील रिठद या गावाच्या परिसराला लागू होणारी काही उदाहरणे घेऊन या परंपरेत नेमके काय होते आणि कोणती पायरी चढावयाची राहिली होती, याचा शोध घेतला आहे.

मध्यरेषेवरील वत्सगुल्म

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. विंध्यशक्ती दुसरा याचा वाशीम ताम्रपट वत्सगुल्म येथूनच दिला गेला आहे. राजकीय इतिहासात या नगराचे स्थान सर्वश्रुत आहे, परंतु गणिताच्या इतिहासात त्याचा उल्लेख निराळ्या कारणाने येतो. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी जी कल्पित मध्यरेषा भारतीय ज्योतिषात कालगणनेसाठी आधारभूत धरली जाई, तिच्यावरील स्थानांच्या यादीत वत्सगुल्म आहे. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराच्या ‘महाभास्करीय’ ग्रंथात हे नाव आढळते. त्यानंतर सुमारे साडेपाचशे वर्षांनी, शके ११०५ म्हणजे इ. स. ११८३ मध्ये, दुसऱ्या भास्कराने म्हणजे भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ रचले. त्यातील यादीतही कांची, सितपर्वत, पर्यली, वत्सगुल्म, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशा क्रमाने ते येते.

या यादीकडे भक्तिभावाने नव्हे, तर अंकांनी पाहिले पाहिजे. आधुनिक मापनानुसार वाशीमचे रेखांश सुमारे ७७ अंश ८ कला पूर्व, तर उज्जैनचे ७५ अंश ४७ कला आहेत. फरक १ अंश २१ कला, म्हणजे वाशीमच्या अक्षांशावर सुमारे १४० किलोमीटर. कालाच्या मापात तो ५ मिनिटे २४ सेकंद होतो. कांची तर उज्जैनच्या जवळजवळ ४ अंश पूर्वेला आहे. अर्थात ही सर्व स्थाने एका रेषेवर नाहीत. मात्र हा दोष व्यवहारात किती मोठा होता, हाही प्रश्न विचारावयास हवा. चंद्राची मध्यम दैनिक गती ७९० कला ३५ विकला धरली, तर सुमारे साडेपाच मिनिटांत चंद्र ३ कला सरकतो. वत्सगुल्माचे देशांतर शून्य मानणाऱ्या पंचांगकर्त्याची चंद्रस्थानातील चूक एवढीच राहत असे.

देशांतराचा संस्कार हे वस्तुतः एक फलनच होय. मध्यरेषेपासूनचे योजनांतील अंतर दिले की ग्रहाच्या स्थानात करावयाचा फरक त्रैराशिकाने निश्चित होतो. ‘फल’ हा शब्दही तेथलाच. त्रैराशिकातील प्रमाण, फल व इच्छा यांपैकी ‘फल’ आणि ग्रहगणितातील ‘मंदफल’, ‘गतिफल’ या संज्ञांतून तो रूढ झाला, आणि आजच्या मराठी परिभाषेत ‘फल’ किंवा ‘फलन’ म्हणून स्थिरावला. परंतु संज्ञा जुनी म्हणून संकल्पनाही जुनी, असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. एका राशीवरून दुसरी राशी काढण्याची रीत आणि ‘ही रीत कोणत्या राशींना लागू आहे?’ असा प्रश्न, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रश्नाला आधुनिक गणितात फलनाचा प्रांत म्हणतात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत हा प्रश्न कोठे डोकावतो, हे पाहणे अधिक फलदायी आहे.

व्यस्तविधी आणि गाळलेले उत्तर

‘लीलावती’ हा ‘सिद्धांतशिरोमणी’चा (शके १०७२, इ. स. ११५०) पाटीगणितविषयक भाग. त्यात व्यस्तविधी किंवा विलोमविधी नावाची रीत येते. शेवटची दृश्य राशी माहीत आहे आणि मूळ राशी काढावयाची आहे, तर भाजकाला गुणक करावे, गुणकाला भाजक, वर्गाचे मूळ घ्यावे, मुळाचा वर्ग करावा, ऋणाचे धन आणि धनाचे ऋण करावे, आणि हे सर्व शेवटाकडून आरंभाकडे करीत जावे. आधुनिक भाषेत ही संयुक्त फलनाचे व्यस्त काढण्याची रीत आहे. (मराठीत ‘व्यस्त’ याचा ‘कामात गढलेला’ हा अर्थ हिंदीच्या सहवासाने अलीकडे शिरला. गणितात तो शब्द आजही भास्कराचार्यांच्याच अर्थाने चालतो.)

त्या रीतीखालील उदाहरण असे : एका राशीला ३ ने गुणले, गुणाकारात त्याचाच तीन चतुर्थांश मिळविला, ७ ने भागले, भागाकारातून त्याचा एक तृतीयांश वजा केला, आलेल्या संख्येचा वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ घेतले, ८ मिळविले, १० ने भागले, तेव्हा २ उरले. राशी कोणती? उलट जाताना २ चे २०, मग १२, मग १४४, मग १९६, त्याचे मूळ १४, त्यात त्याचाच अर्धा मिळवून २१, मग १४७, त्यातून त्याचे तीन सप्तमांश वजा जाता ८४, आणि शेवटी २८. उत्तर बरोबर आहे.

येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. १९६ चे मूळ उणे १४ घेतले तर काय होते? उणे १४, उणे २१, उणे १४७, उणे ८४ या क्रमाने उणे २८ मिळतात, आणि मूळ उदाहरणात उणे २८ घालून पाहिले तर शेवटी २ च येतात. म्हणजे या उदाहरणाला दोन उत्तरे आहेत आणि ‘लीलावती’त त्यांपैकी एकच दिले आहे. कारण उघड आहे. पाटीगणितात ऋण राशींचा व्यवहार नाही. वर्ग करण्याची क्रिया एकास-एक नाही, म्हणून तिचे व्यस्त अस्तित्वात येण्यासाठी प्रांत आकुंचित करावा लागतो. हेच पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वर्गफलनाच्या संदर्भात शिकतो. ‘लीलावती’त तो संकोच न बोलता झालेला आहे.

भास्कराचार्यांना हे ठाऊक नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. ‘बीजगणिता’त ते स्पष्टपणे सांगतात की धन राशीचे वर्गमूळ धनही असते आणि ऋणही, आणि ऋण राशीला वर्गमूळ नसते, कारण ती कोणाचाही वर्ग नव्हे. त्याच ग्रंथातील वानरांचे उदाहरण या दृष्टीने अत्यंत बोलके आहे. कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून उरलेल्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसले, तर कळपात वानरे किती? समीकरण सोडविता ५० आणि ५ अशी दोन उत्तरे येतात. दोन्ही समीकरणात बसतात. पण ५ घेतले तर पंचमांश १, त्यातून ३ वजा जाता उणे २ येतात, आणि दृश्य वस्तू ऋण झालेली लोकांना पटत नाही, म्हणून दुसरे उत्तर घेऊ नये, असे भास्कराचार्य सांगतात. या ठिकाणी प्रांत प्रथमच शब्दांत उतरलेला आहे. तो लोकव्यवहारातून आलेला आहे, व्याख्येतून नव्हे. तरीही एक उत्तर का गाळले, याचे कारण दिले गेले, आणि गणिताच्या इतिहासात असे कारण उत्तराइतकेच मोलाचे असते.

असाच प्रकार ज्या व चाप यांच्या बाबतीत आहे. ‘लीलावती’त वर्तुळाच्या चापावरून जीवा काढण्याचे एक आसन्न सूत्र आहे, ज्याचे मूळ पहिल्या भास्कराच्या ‘महाभास्करीया’त सापडते, आणि लगेच त्याचे व्यस्त सूत्रही दिलेले आहे. व्यास २४० आणि जीवा १२० घ्या. परिघाचे १८ भाग कल्पिले तर परिघाचा वर्ग ३२४. त्याला जीवेच्या चतुर्थांशाच्या पाचपटीने, म्हणजे १५० ने गुणून ४८,६०० होतात. त्यास व्यासाची चौपट अधिक जीवा, म्हणजे १,०८० ने भागता ४५ येतात. परिघाच्या वर्गाचा चतुर्थांश ८१. त्यातून ४५ वजा जाता ३६, मूळ ६, आणि अर्ध्या परिघातून, म्हणजे ९ मधून, ६ वजा जाता चाप ३ भाग. परिघाच्या षष्ठांशाची जीवा त्रिज्येएवढी असते, हे भूमितीतून ठाऊकच आहे. आता ९ मधून ६ वजा करण्याऐवजी त्यात ६ मिळविले तर १५ येतात, आणि १५ भागांच्या चापाचीही जीवा १२० च असते. सूत्रात वजाबाकीच सांगितली आहे. लहान चाप निवडण्याचा निर्णय सूत्राच्या रचनेतच बसविलेला आहे.

रिठदची पलभा

वरील सर्व चर्चा एका प्रत्यक्ष मापनावर पडताळून पाहता येते. विषुवदिनी मध्यान्ही १२ अंगुळे उंचीच्या शंकूची जी छाया पडते तिला पलभा म्हणतात. ती स्थानाच्या अक्षांशाचे फलन आहे, आणि उलट पलभेवरून अक्षांश काढणे हे तिचे व्यस्त. रिठद हे २० अंश उत्तर अक्षांशाच्या लगत येते. २० अंशांची पलभा ४ अंगुळे २२ व्यंगुळे. अंगणात उभ्या केलेल्या १२ इंची काठीची सावली मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनी मध्यान्ही मोजली तर ती ४ इंचांहून थोडी अधिक भरावी. एवढे साहित्य कोणत्याही महाविद्यालयाला परवडेल.

सिद्धांतपद्धतीने उलट जाताना प्रथम पलकर्ण काढावा लागतो. १२ चा वर्ग अधिक पलभेचा वर्ग, त्याचे मूळ सुमारे १२.७७. पलभेला त्रिज्या ३४३८ ने गुणून पलकर्णाने भागले की अक्षज्या सुमारे ११७६ येते. ज्यांच्या कोष्टकात ११०५ ही १८ अंश ४५ कलांची आणि १३१५ ही २२ अंश ३० कलांची ज्या आहे. मधले प्रमाण घेता २० अंश १ कला मिळते. एका कलेची चूक आहे.

याच प्रश्नाला गणेश दैवज्ञांनी दिलेले उत्तर निराळे आहे. कोकणातील नांदगावच्या या ज्योतिषाने शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचले, आणि त्यातून ज्या व चाप यांचा उपयोगच काढून टाकला. त्यांची रीत अशी : पलभेला ५ ने गुणावे आणि त्यातून पलभेच्या वर्गाचा दशांश वजा करावा. २० अंशांच्या पलभेसाठी १९ अंश ५६ कला येतात. कोष्टक नाही, वर्गमूळ नाही, धुळीच्या पाटीवर एका ओळीत होणारे गणित. ३५ अंश अक्षांशापर्यंत, म्हणजे पलभा ८.४ अंगुळे असेपर्यंत, ही रीत पंचमांश अंशाच्या आत बरोबर राहते.

परंतु ती कोठपर्यंत चालते? पलभा २५ झाली की या सूत्राने ६२.५ अंश मिळतात (वस्तुतः ६४.४ हवेत) आणि त्यापुढे छाया वाढत गेली तरी अक्षांश कमी कमी येऊ लागतात. पलभा ३० ला ६० अंश, आणि ५० ला शून्य! ध्रुवाकडे जाताना छाया अमर्याद वाढते आणि अक्षांश ९० अंशांच्या सीमेकडे जातो, हे खरे फलनाचे वर्तन. सूत्राचे वर्तन अगदी विपरीत. शिवाय सूत्र उलटवून २० अंशांची पलभा काढू गेल्यास ४.३८ आणि ४५.६२ अशी दोन उत्तरे येतात, आणि पुन्हा लहान उत्तरच घ्यावे लागते. गणेश दैवज्ञांना याची फिकीर करण्याचे कारण नव्हते, कारण पंचांग वापरणारा ६४ अंशांपलीकडे कोणी राहत नव्हता. त्यांचा प्रांत भूगोलाने ठरविला होता. फलनाचा प्रांत, एकास-एक असणे, महत्तम मूल्य व अनंताकडील सीमा या चारही बाबी एकाच ओळीच्या सूत्रात तपासता येतात, असे उदाहरण प्रचलित पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडेल.

मोठी संख्या आणि हवी तेवढी मोठी संख्या

सीमेच्या संकल्पनेकडे वळल्यावर बापूदेव आणि स्पॉटिसवुड यांच्या वादाचा गाभा लागतो. ‘लीलावती’त अपूर्ण वर्गाचे आसन्नमूळ काढण्याची रीत आहे. अपूर्णांकाच्या अंश व छेद यांच्या गुणाकारास एका मोठ्या वर्गसंख्येने गुणावे, मूळ घ्यावे, आणि छेद गुणिले त्या वर्गसंख्येचे मूळ याने भागावे. उदाहरणात १६९ भागिले ८ चे मूळ हवे आहे. वर्गसंख्या १०,००० घेऊन भास्कराचार्य ४ पूर्णांक ४७७ छेद ८०० हे उत्तर देतात, म्हणजे ४.५९६२५. खरे मूळ ४.५९६१९ च्या जवळपास आहे.

हीच रीत वर्गसंख्या १, १०० आणि १०,००० घेऊन, प्रत्येक वेळी जवळचा पूर्णांक धरून चालविली तर ४.६२५, ४.६ आणि ४.५९६२५ अशी क्रमिका मिळते. वर्गसंख्येचे मूळ १०, १००, १,००० असे वाढविले की चूक १ भागिले १६०, १ भागिले १,६००, १ भागिले १६,००० यांच्या आत राहणार, हे सहज सिद्ध करता येते. म्हणजे कितीही लहान चूक कोणी मागितली तरी त्यापुरती वर्गसंख्या दाखवून देता येते. क्रमिकेच्या सीमेची एप्सिलॉनची व्याख्या हीच. पण ग्रंथातील शब्द आहे ‘मोठा’ वर्ग. ‘हवा तेवढा मोठा’ असे त्यात म्हटलेले नाही. ही दोन शब्दांची पायरी फसवी आहे. पहिल्या विधानात गणकाची गरज भागते, दुसऱ्यात एका न संपणाऱ्या प्रक्रियेविषयी दावा केला जातो. युरोपातही ही पायरी न्यूटन व लायब्निझ यांनी चढली नव्हती. ती कोशीच्या १८२१ च्या ग्रंथापासून वायरस्ट्रासपर्यंतच्या काळात चढली गेली. बापूदेवांच्या दाव्याला नकार देताना हा न्याय सर्वांना सारखा लावला पाहिजे.

तात्कालिक गतीचे प्रकरणही असेच पाहावे लागते. चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते, म्हणून तिथीचा अंत काढताना दिवसाची गती पुरत नाही, त्या क्षणाची गती हवी, असे भास्कराचार्य म्हणतात. त्यासाठी ते ज्येचा तात्कालिक भोग्यखंड काढतात : २२५ ला कोटिज्येने गुणून त्रिज्येने भागावे. ३० अंशांपाशी हे १९५ येते. कोष्टकात तेथे मागचा खंड १९९ आणि पुढचा १९१ आहे, आणि १९५ बरोबर मधोमध बसते. ज्येच्या वाढीचा दर कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हे येथे निःसंशय सांगितले आहे. हे तत्त्व मंजुलांच्या ‘लघुमानसा’त (इ. स. ९३२) आधीच वापरलेले आढळते, तेव्हा अग्रमान एकट्या भास्कराचार्यांना देणे बरोबर नाही. त्यांचा विशेष याच्यापुढचा आहे : जेथे मंदफल महत्तम असते तेथे गतिफल शून्य असते, हे त्यांनी ओळखले आणि या बाबतीत लल्लाचे मत चुकीचे ठरविले. स्पॉटिसवुड यांच्या उत्तराचे मोल मान्य करूनही, हे वचन केवळ साम्य म्हणून बाजूला सारता येत नाही.

पाटणचा मठ आणि पुढे

चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्यातील सामंतांनी १२०७ मध्ये त्याला दान दिले. लेखाच्या अखेरीस दानाचा तपशील तत्कालीन मराठीत आहे. अध्ययनासाठी संस्था, उत्पन्न आणि राजाश्रय ही तिन्ही साधने येथे होती. तरीही अनंत श्रेणींचे गणित चौदाव्या शतकापासून माधव व त्यांच्या शिष्यपरंपरेने केरळात वाढविले. त्याच परंपरेतील नीलकंठांनी पंधराव्या-सोळाव्या शतकात एक चतुर्थांश, त्याचा चतुर्थांश, त्याचाही चतुर्थांश अशी न संपणारी बेरीज एक तृतीयांशापाशी का थांबते, याचे विवेचन केले. याच काळात महाराष्ट्राचा सर्वांत बुद्धिमान ज्योतिषी ज्याकोष्टक टाळण्याच्या खटपटीत होता.

याला अधोगती म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. गणेश दैवज्ञांनीच १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही उपपत्तीसह टीका लिहिली. म्हणजे सिद्धता त्यांना नकोशी नव्हती. फरक प्रयोजनाचा होता. गावोगावच्या जोशाला पंचांग करता यावे, हे ‘ग्रहलाघवा’चे उद्दिष्ट होते आणि ते इतके साधले की महाराष्ट्रातील पंचांगे एकोणिसाव्या शतकापर्यंत त्याच ग्रंथावर चालली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली तेव्हा त्या सूत्रांना आधुनिक वेधांशी ताडून पाहण्याची वेळ आली. त्याच्याही आधी बाळशास्त्री जांभेकरांनी (मृत्यू १८४६) अवकलनावर मराठीत पुस्तक लिहिले होते आणि त्याला ‘शून्यलब्धी’ असे नाव दिले होते. एखाद्या राशीला शून्याने गुणले आणि पुढे शून्यानेच भागावयाचे असेल, तर ते शून्य मध्येच न मिटवता शेवटपर्यंत जपून ठेवावे, असा नियम ‘लीलावती’त आहे. त्याखालील उदाहरणात राशीला शून्याने गुणून, तिचा अर्धा मिळवून, ३ ने गुणून, शून्याने भागल्यावर ६३ येतात आणि उत्तर १४ निघते. अशा गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, असा शेराही भास्कराचार्यांनी तेथे जोडला आहे. बाळशास्त्रींच्या ग्रंथनामाशेजारी हा नियम ठेवून वाचला, तर शून्याने भागण्याच्या त्या क्षणी नेमके काय घडते, हा प्रश्न मराठी भाषेत किती काळ तसाच उभा होता, हे लक्षात येते.